गोल गुण्या

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की माळ्यावरून एक गंजका डबा खाली येतो. तो पूर्वी बिस्किटांचा असतो किंवा वनस्पती तुपाचा. आता त्यात वाकडे खिळे असतात, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या असतात, दांडा नसलेली हातोडी असते आणि हातोडी नसलेला दांडा असतो. घरची बाई म्हणते, “हे एकदा भंगारात घाला.” घरचा पुरुष म्हणतो, “असू दे, लागेल कधीतरी.” मग तो डबा झटकून, पुसून पुन्हा माळ्यावर जातो. वाचकहो, ज्याच्या घरात असा डबा नाही त्याने हा लेख वाचू नये. त्याला तो पटायचा नाही.

घरातल्या हातोडीचा स्वभावही मोठा विचित्र. खिळा ठोकायचा असतो तेव्हा ती सापडत नाही. घरभर शोधाशोध होते, शेवटी स्वयंपाकघरातून वरवंटा येतो, खिळ्याबरोबर अंगठाही ठोकला जातो, आणि देवाची तसबीर एकदाची भिंतीला लागली की हातोडी आपली समोरच्या कोनाड्यात शांतपणे पडलेली दिसते. मोटारदुरुस्तीवाल्यांचेही हेच दुःख आहे. त्यांच्या पेटीत बारा-तेराचा पाना असतो, चौदा-पंधराचा असतो. हवा असतो तो दहा-अकराचा, आणि नेमका तोच गेलेला असतो. मी पडलो शिक्षक. गॅरेजच्या पोराने “चौदा-पंधरा द्या हो” अशी हाक मारली की मला पान्याऐवजी माझा नववीचा वर्गच डोळ्यांपुढे येतो.

हत्यारांची नावेसुद्धा अशीच गमतीची आहेत. रंधा आणि पोलाद हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले. काटकोन तपासायचा तो गुण्या. तोही फारसीतूनच आला, पण त्याचे मूळ थेट ग्रीक भाषेतल्या कोनाला असलेल्या शब्दात आहे. म्हणजे भूमितीचा तास घेणारे मास्तर जे ग्रीकांचे म्हणून फळ्यावर शिकवतात, ते आमचा अंगठाबहाद्दर सुतार खांद्यावरच्या पिशवीत घालून हिंडत होता. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांचा आणि गिरमिट इंग्रजांचे. पान्हा गाईलाही फुटतो नि मेकॅनिकच्या खिशातूनही निघतो. पण सगळ्यांवर ताण केली ती ‘डिसमिस’ने. इस्क्रू पिळण्याच्या साध्या हत्याराला हे नाव कारागिरांत पक्के रुळले आहे. नोकरदाराच्या कानाला ते फार कडू लागते. शाळेत विजेचे काम चालू असताना शिपायाने वऱ्हांड्यातून “मोठ्या सरांना विचारा, डिसमिस कुणाला द्यायचं?” असे ओरडून विचारले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत क्षणभर कोणी चहाचा घोट गिळला नव्हता.

आमचे मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे मोठे गाव. पूर्वी निजामाच्या मुलखात, मग उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून लातुरात. त्यामुळे आमच्या बोलीत उर्दूचा वास आहे, आणि हत्यारांच्या पिशवीत तर फारच. इंग्रजी नावे मागाहून आली. काही बार्शी लाईट रेल्वेबरोबर, काही विहिरीवरच्या ऑईल-इंजिनाबरोबर. अडीच फुटी रुळांची ती चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोचली होती. ते रूळ गेले, रुंद रूळ आले. पाना आणि पिंचिस मात्र गावातच राहिले.

माझ्या लहानपणी, म्हणजे चाळीसएक वर्षांपूर्वी, गावात बसायच्या जागा दोन होत्या. एक देवळाचा पार आणि दुसरी लोहाराचा भाता. पारावर थोर माणसांच्या गोष्टी चालत. त्या आता मला एकही आठवत नाहीत. भात्यापाशी चालायची ती थट्टा. पेरणीच्या आधी फाळ शेवटायला, वखराची पास पाजवायला शेतकरी येऊन बसत. लोहारमामा लाल झालेले लोखंड सांडशीत धरून पाण्यात बुडवत, चर्र आवाज होई, आणि धूर विरायच्या आत मामांचे ठरलेले वाक्य येई : “लोखंडाला पाणी पाजलं. आता लोहाराला चहा कोण पाजवतंय?” हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकले असेल. प्रत्येक वेळी लोक हसले आणि प्रत्येक वेळी चहा आला. विनोद नवा असावा लागतो असे जे म्हणतात, ते कधी भात्यापाशी बसलेले नसावेत.

त्याच भात्यावर एक हातोडा होता. तो मामांच्या आजाच्या हातचा. मामा मोठ्या अभिमानाने सांगत, “पंजोबाला दांडा म्या बदलून दिला चारदा, माथं माझ्या बापानं बदललं दोनदा, पर हातोडा त्योच हाय!” पुढे मला कळले की ग्रीक लोकांत थीसियस नावाच्या वीराच्या जहाजाविषयी असाच वाद होता, एकेक फळी बदलत गेले तर जहाज तेच म्हणायचे की दुसरे? तत्त्वज्ञांनी त्यावर शतकानुशतके डोके खाजवले. मामांनी तो प्रश्न एका वाक्यात सोडवला होता, आणि वर हसूनही दाखवले होते.

गावात फिरस्ते घिसाडी येत तेव्हा तर आम्हा पोरांना पर्वणी. गाडीच्या सावलीत ऐरण रोवलेली, पुरुष बसून सांडशीने लोखंड धरायचा आणि लहान हातोडीने कुठे घाव घालायचा ते दाखवायचा. त्या जागी उभ्याने मोठा घण घालायची ती त्याची बायको. काष्टा घट्ट खोचलेला, अंगाला घाम, आणि घाव तिळभर इकडे-तिकडे नाही. एकदा आमच्या आजीने तिला विचारले, “बाई, एवढा घण तूच का मारतीस? तो काय करतो?” ती म्हणाली, “त्यो खुणा करतो, म्या ठोकते. संसारात बी तसंच हाय, आजी.” १९६५ सालच्या ‘साधी माणसं’ चित्रपटामुळे आणि त्यातल्या जगदीश खेबुडकरांच्या गाण्यामुळे लोहाराची ऐरण घरोघर पोचली. पण ह्या बाईचे ते वाक्य कोणत्याही गाण्यात आले नाही.

भात्याच्या पलीकडे सुतारआबांची जागा. बाभळीच्या ढलप्यांचा वास, वाकसाचा ठक्‌ठक्‌ आवाज. आबांकडे भाचा नवा नवा काम शिकायला आला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी आबांनी त्याला गंभीरपणे सांगितले, “जा, लोहाराकडून गोल गुण्या घिऊन ये.” पोरगा पळत गेला. लोहारमामांनी भाता थांबवला, डोके खाजवले आणि म्हणाले, “अरं, आत्ताच सोनार घिऊन गेला की!” सोनार म्हणाले, “कुंभाराकडं हाय, त्याला चाकाला लागतो.” कुंभाराने मात्र वस्तू दिली, पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून, “जड हाय, पाडू नको” असे बजावून. पोरगा घामाघूम होऊन आला. पोते सोडले तर आत दहा शेरांचा दगड. गुण्या काटकोनाचा असतो, तो गोल कसा असेल? पोरगा रडकुंडीला आला, तेवढ्यात आबांनी त्याला जवळ बसवले, चहा पाजला, आणि पहिल्यांदाच आपला रंधा त्याच्या हाती दिला. त्या दिवसापासून तो भाचा गावातल्या चारही कारागिरांचा झाला. आमच्या शाळांत प्रवेशाचे अर्ज असतात. त्यांच्या शाळेत गोल गुण्या होता.

ह्या थट्टेचे दुसरे रूप पाहिले ते आमच्या अंगणात. त्या काळी बलुते अजून पुरते गेले नव्हते. सुताराने वर्षभर औते दुरुस्त करायची आणि शेतकऱ्याने खळ्यावर त्याला धान्य घालायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त ह्या व्यवहाराचे सारे काटेकोंदे दाखवलेच आहेत. धान्य किती घालायचे हे शेवटी शेतकऱ्याच्या हातात असे. एक वर्ष माझ्या आजोबांचा हात जरा आखडला. पुढच्या मृगाच्या तोंडाशी आबा तिफन दुरुस्त करून घेऊन आले. आजोबा ओट्यावर, आबा खाली अंगणात, भोवती चार माणसे. आजोबांनी बी टाकायचे चाडे हातात घेऊन पाहिले.

“आबा, चाड्याची भोकं लई बारीक दिसायलीत?”

“व्हय मालक,” आबा अगदी नम्रपणे म्हणाले, “गेल्या साली खळ्यावर तुमी ज्या मापानं बलुतं घातलं, त्येच माप डोळ्यांपुढं ठिवून पाडलीत.”

सगळे गप्प झाले. मग आधी आजोबाच हसले आणि मागून सारे अंगण. आबांनी पिशवीतून गिरमिट काढले आणि तिथेच बसून भोके मोठी केली. त्या वर्षी खळ्यावर आजोबांनी पायली शिगोशीग भरून घातली, आणि गेल्या वर्षीची तूट वेगळी.

हेच आबांनी सरळ सांगितले असते तर? ती तक्रार झाली असती, आणि खालच्या पायरीवरच्या माणसाची तक्रार ओट्यावर चढत नसे. थट्टा मात्र चढली. तिला हत्याराचा आधार होता. भोक बारीक असेल तर बी विरळ पडते, हे शेतकऱ्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही. म्हणून मला वाटते, कारागिराचा विनोद हा नुसता वेळ घालवायचा नसतो. तो त्याचा अर्ज असतो, हिशेब असतो. अर्थात एका हशाने गावगाडा काही समान होत नाही. पायलीला शीग आली. पण आबा पुढच्या वर्षीही खालीच बसले, हे मी विसरलेलो नाही.

आबांची थट्टा कोणालाही सोडत नसे. लोखंडी नांगरालाही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. त्यांचे लोखंडी नांगर निघाले तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी घ्यायला बिचकत. त्याच कारखान्यातून १९२० साली एक मासिकही निघाले, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगायला नकोच. पुढे लोखंडी नांगर गावोगाव गेला आणि सुताराचे लाकडी नांगर कोपऱ्यात उभे राहिले. आबांचे पोट त्यात होते. तरी ते एवढेच म्हणत, “लोखंडी नांगर झ्याक हाय. फकस्त म्हातारा झाल्यावर शेकोटीला कामाचा न्हाई.”

आणि गवंडी तर त्यांचा हक्काचा गिऱ्हाईक. “गवंड्याची चूक गिलाव्यात झाकती, वैद्याची मातीत झाकती, सुताराची मातुर दार लावताना ओरडती,” हे ते गवंड्यासमोरच म्हणत. गवंडीही काही कमी नव्हते. “तुमचं दार ओरडतं म्हणूनच चोर येत न्हाई,” असे परत ऐकवत.

मग १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची पहाट आली. गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरकडची धरणी हलली. मुरुडात आम्ही भांड्यांच्या आवाजाने जागे होऊन रस्त्यावर आलो. तिकडे गावेच्या गावे निजल्या जागी गाडली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात जी घरे गारवा देत तीच अंगावर आली. त्या दिवसांत पहार, टिकाव, खोरे ही नावे ऐकली की लोकांच्या डोळ्यांना पाणी येई. हत्यारावर कोणी हसले नाही.

आबा मुलाला आणि भाच्याला घेऊन पत्र्याच्या शेडच्या कामाला तिकडे गेले. परत आले तेव्हा कोणीतरी विचारले, काय पाहिले? ते म्हणाले, “कैक घरांच्या भिंती पडल्यात, पर लाकडी खांब नि तुळया तशाच उभ्या हायती.” ते खरेच होते; जाणकारांनीही पुढे तेच नोंदवले. भिंतीतले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. लाकडाचे सांधे मात्र खाचेत बसवलेले होते. आयुष्यभर गवंड्याची चेष्टा करणाऱ्या माणसाला ह्याहून मोठी संधी कुठली? समोर गवंडी बसलेच होते, मान खाली घालून. आम्हा पोरांनासुद्धा वाटले, आता आबा काहीतरी बोलणार. आबा बोलले नाहीत. त्यांनी आपला तंबाखूचा बटवा काढला, आधी गवंड्यांपुढे धरला आणि म्हणाले, “उद्या चला माझ्यासंगं. दोघांनी मिळून बांधायचं हाय.”

मी पुढे पुष्कळ पुस्तके वाचली, थोडीफार लिहिलीही. पण विनोद कुठे थांबतो हे मला त्या बटव्याने शिकवले.

महिना गेला नाही तोच खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडतात, हळद-कुंकू, झेंडूची फुले वाहतात, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला तेवढीच रजा. आबा एका रात्रीसाठी घरी आले होते. हत्यारे सारी तिकडेच, मुलाच्या हातात; शेडची कामे थांबवता येण्यासारखी नव्हती. आता पूजा कशाची करायची? आबांनी हत्यारांची रिकामी पिशवी झटकली, पाटावर ठेवली, तिलाच हळद-कुंकू लावले आणि हात जोडून म्हणाले, “आई, धनी कामावर गेल्यात. घरी मालकीणबाई तेवढ्या हायती. पूजा यांचीच गोड मानून घे.”

आणि आबांची म्हातारी हसली. मग सून हसली, मग दारात उभे असलेले आम्ही. महिन्याभरात आमच्या गल्लीत ऐकू आलेले ते पहिले हसू. त्यात कोणाचा अपमान नव्हता की दुःखाचा विसरही नव्हता. एवढेच कळले, की माणसे पुन्हा कामाला लागली आहेत.

ह्या साऱ्याची आठवण मला काही वर्षांपूर्वी वर्गात झाली. आठवीच्या मुलांना मी सांगितले होते, घरातले एकेक हत्यार आणा आणि त्याविषयी घरात चालणारी एखादी गंमत सांगा. खुरपी आली, अडकित्ते आले, एका मुलीने शिवणयंत्राचा छोटा डिसमिस आणला. एक मुलगा मात्र दप्तर पोटाशी धरून बसला होता. त्याच्या दप्तरातून वाकसाचा दांडा डोकावत होता. तो सुताराच्या घरचा. आदल्या आठवड्यात दोघा-तिघांनी त्याच्या घरच्या धंद्यावरून त्याला चिडवले होते. ते माझ्या कानावर आले होते. चिडवणाऱ्यांनी वाकस कधी हातात धरला नव्हता. हत्याराबरोबर हसणे वेगळे आणि ते धरणाऱ्या हाताला हसणे वेगळे. पहिल्याने माणसे जवळ येतात, दुसऱ्याने मुलगा दप्तर पोटाशी धरून बसतो.

उपदेश करण्याचा मोह आम्हा शिक्षकांना फार. तो आवरून मी विचारले, “मुलांनो, गोल गुण्या कोणी आणलाय का? सगळ्यात महत्त्वाचं हत्यार तेच.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने चक्क दप्तर उघडून शोधले. दुसरा म्हणाला, “सर, आमच्या घरी हाय, उद्या आणतो.” आणि मागच्या बाकावरून फसकन हसू आले. तोच मुलगा हसत होता. हसू आवरता आवरेना.

“सर, गुण्या गोल नसतोय!”

“का रे?”

तो उठला, पुढे आला, फळ्यावर काटकोन काढला आणि गुण्या म्हणजे काय ते त्याने वर्गाला समजावून सांगितले. मग दप्तरातून वाकस काढला, धारेपासून अंतर राखून कसा धरायचा ते दाखवले. “उद्या आणतो” म्हणणाऱ्याला सारा वर्ग हसला, तोही हसला. मधल्या सुट्टीत चिडवणारे दोघे त्याच्या बाकाभोवती उभे होते, “मला धरू दे की” म्हणून.

आता गावात विजेवर चालणारे रंधे आले आहेत. भात्याच्या जागी दुकानाचा गाळा झाला. तिफन ट्रॅक्टरमागे जाते आणि तिच्या भोकांचे माप कारखाना ठरवतो. त्याबद्दल मी रडगाणे गाणार नाही. घण मारून मारून ज्यांचे खांदे गेले त्यांना यंत्राची किंमत आपल्याहून जास्त कळते. मला काळजी होती ती एवढीच, की यंत्राबरोबर ती थट्टाही जाते की काय.

परवा लातूरला जाताना गाडी बिघडली म्हणून रस्त्याकडेच्या गॅरेजवर थांबलो. तिथे एक नवा पोरगा लागला होता, मिसरूडही न फुटलेला. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला होता. खालूनच त्याने गंभीर आवाजात हाक दिली, “पोरा, समोरच्या पंक्चरवाल्याकडून बादलीभर हवा घिऊन ये. झाकण घालून आण, सांडू नको.” पोरगा बादली घेऊन रस्ता ओलांडून धावला. पंक्चरवाल्याने त्याला दुरूनच पाहिले, तोंडावरचे हसू पुसले आणि बादलीत हवा भरायला घेतली.